चिंगी, बंड्या आणि त्यांची माणसं : फोटो प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर

काम ठरलं. साक्षगंध दिवाळीनंतर झालं, लग्न एप्रिलमध्ये आहे. मुलगी अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याची, बँकेत नोकरीला. मुलगा चांदूरबाजारकडच्या खेड्यातला, संत्र्याचा बगीचा सांभाळतो. प्री-वेडिंगचे फोटो हवे आहेत आणि दोघांची मागणी एकच आहे: दोन्ही घरचे कुत्रे फोटोत पाहिजेत. तिची चिंगी तपकिरी, हलक्या अंगाची, पिल्लू असताना एसटी स्टँडमागे सापडलेली. त्याचा बंड्या काळाभोर, बगीच्यातच जन्मला, तिथेच जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला असतो. दोघेही गावठी.

"दादा, चिंगी नसन तं मी फोटोले उभीच राहत नाही," ती फोनवर म्हणाली.

आपल्याकडे आता तासावर भाड्याने मिळणारे सेट झालेत. परदेशी खिडक्या, झुलते पाळणे, रंगीत धूर. तिथे जाणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही, पण हे काम तिथे होणारच नाही. अनोळखी जागेत कुत्रा आधी जमीन हुंगत फिरतो, मग दार शोधतो. त्याचं अंग मोकळं असतं ते त्याच्या रोजच्या वाटेवर. म्हणून ठरवलं की आधी कुत्र्यांच्या वेळा नि जागा बघायच्या, मग माणसांचे कपडे.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण सगळं काम तिच्याभोवती फिरणार आहे. लग्नानंतर चिंगी सासरी जाणार की नाही, हे ठरलेलं नाही. मुलाच्या आईने मला चहा देताना सरळ सांगितलं, "सून येते थे बरोबर. संग कुत्री कायले?" बोलण्यात राग नव्हता. त्यांच्या घरात कुत्रा वावरात असतो, घरात नाही, एवढंच.

५ डिसेंबर

दोघांना निरोप पाठवला: रेबीजची लस टोचल्याचं कार्ड दाखवा, मगच कॅमेरा काढीन. चिंगीचं कार्ड लगेच आलं. बंड्याचं नव्हतं, म्हणून मुलगा त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन गेला. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. दोन अनोळखी कुत्रे आणि मध्ये चार माणसं असणार, तेव्हा इथे भिडस्तपणा चालत नाही. गोचीड काढायचं औषधही लावून घ्यायला सांगितलं. बगीच्यातल्या कुत्र्याच्या कानात गोचीड असतातच, आणि कान खाजत असला की कुत्रा एका जागी बसत नाही.

९ डिसेंबर

परतवाड्याला तिच्या घरी गेलो, कॅमेरा पिशवीतच ठेवून. अंगणात खाली बसलो आणि चिंगीकडे बघितलंच नाही. तिच्या वडिलांशी लाकडाच्या बाजाराबद्दल बोलत राहिलो. मेळघाटच्या सागवानावर हे गाव वाढलं, त्यांचंही आयुष्य आरा मशीनवर गेलं. बऱ्याच वेळाने चिंगी मागून आली, माझी पिशवी हुंगली, मग हात. त्यानंतर कॅमेरा जमिनीवर ठेवला आणि तोही हुंगू दिला.

लेन्स म्हणजे कुत्र्याच्या लेखी एक मोठा, न मिटणारा डोळा. रोखून बघणं ही त्यांच्यात धमकी असते. म्हणून पहिले फोटो बाजूने, लांबून आणि आवाज बंद ठेवून काढायचे. फ्लॅश अजिबात नाही.

चिंगी अवघडली की आधी ओठ चाटते, मग जांभई देते, मग मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवते. ही तीन लक्षणं मी मुलीलाही दाखवली. जांभई दिसली की थांबायचं, असं आमचं ठरलं. कित्येक अल्बममध्ये कुत्रा 'हसतोय' म्हणून छापलेला असतो आणि खरं तर तो बिचारा धापा टाकत असतो. असा एकही फोटो या कामात जाणार नाही.

१४ डिसेंबर

बगीचा पाहिला. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या झाडांना ताण दिलेला आहे. पाणी बंद, पानं मलूल, मातीला भेगा. नवं कोणी बघितलं तर म्हणेल की बगीचा वाळला, पण ताण बसला तरच पुढे फूल चांगलं धरतं. पलीकडच्या तुकड्यात मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या झाडांची फळं आहेत, अजून हिरवी. म्हणजे बगीच्यातले मुख्य फोटो आत्ता काढण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत एका बाजूला आंबियाचा फुलोरा आणि दुसऱ्या बाजूला मृगाची पिवळी झालेली फळं, दोन्ही एकदम मिळतील. मुलाने हे मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून समजावलं आणि मी तारीख तिथेच ठरवली.

बंड्या आला नाही. मोटरपंपाच्या खोलीपाशी बसून भुंकत राहिला. मुलगा म्हणाला, "तो कोनाच्या बापाचं आयकत नाही भाऊ, पन डब्याचं झाकन वाजलं का पाहा." झाकण वाजवलं. भुंकणं थांबलं, दोन्ही कान ताठ, मान तिरकी, डोळे थेट आमच्याकडे. हाच चेहरा मला हवा आहे. पण तो आवाज जपून वापरावा लागेल. झाकण वाजलं आणि भाकर मिळाली नाही असं दोनदा झालं, तर तिसऱ्यांदा तो वळूनही बघणार नाही.

बगीच्याच्या तीन बाजूंना झटका मशीनची, म्हणजे जनावरांना विजेचा झटका देणारी तार आहे. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं इतकी येतात की तिच्याशिवाय भागत नाही. बंड्याला तार ठाऊक आहे, चिंगीला नाही. इथे काम असेल तेव्हा मशीन बंद ठेवायचं आणि चावी मुलाच्या खिशात राहील.

१५ डिसेंबर

जागा ठरवायला तिघं बसलो.

मुलीला चिखलदऱ्याचं धुकं हवं होतं. परतवाड्याहून घाट चढला की चिखलदरा, त्यामुळे इकडचं प्रत्येक जोडपं तिथे जातं. मी नको म्हणालो. चिखलदरा मेळघाटातलं, आणि मेळघाट हा १९७३-७४ साली देशात निवडलेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघाच्या रानात पाळीव कुत्रा नेणं दोन्ही बाजूंनी वाईट आहे. बिबट्या कुत्रा उचलतो हे इकडे कोणाला सांगावं लागत नाही. उलट बाजू कमी लोकांना माहीत असते. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूचा रोग मोठ्या मांजरांना, म्हणजे वाघ-सिंहांना लागतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह त्या साथीत गेले, २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्येही तोच विषाणू सापडला. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग नाही जायचं." नंतर पुन्हा तो विषय निघाला नाही.

बहिरमची यात्राही नको. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर तिथे हंड्या, रोडगे, भोंगे आणि माणूसच माणूस. दोघं हौसेने जातील, पण कुत्र्यांना घरी ठेवून.

शकुंतलेचा रूळ मुलाला हवा होता. अचलपूर-मूर्तिजापूर ही सुमारे ७६ किलोमीटरची अडीच फुटी रेल्वे, त्याच्या आजोबांनी तिच्यातून कापसाच्या गाठी जाताना पाहिलेल्या. आता गाडी बंद आहे. बंद असली तरी रूळ तो रूळच. शिवाय रुळावर बसलेल्या जोडप्याचा फोटो बघून कोणीतरी चालू रुळावर जाऊन बसतं. स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर, झाडाखाली काढू.

राहिलं काय, तर अचलपूरचे दरवाजे, हौज कटोरा, सापन नदीचं पात्र, मामाचं कपाशीचं वावर आणि बगीचा. पुरेसं आहे.

२१ डिसेंबर

अचलपूर, फक्त चिंगी. उजाडायच्या आत दुल्हा दरवाजापाशी. दुकानं उघडण्यापूर्वीचा अर्धा तासच कामाचा, नंतर ऑटो नि हातगाड्या. इमादशाहीची ही राजधानी, १४९० ते १५७४ इथून वऱ्हाडचा कारभार चालला, आणि आज कमानीखालून शाळेची पोरं सायकली काढतात. मला जुनं गाव असंच, वापरातलं आवडतं.

कमानीत उभं राहिलं की मागचं आकाश पांढरं पडतं आणि माणसं काळी. उजेड माणसांवर मोजला, आकाश थोडं जाऊ दिलं. ३५ मि.मी.ची लेन्स, कॅमेरा चिंगीच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे मी पोटावर. इथला एक गोष्टीवेल्हाळ चहावाला दोनदा विचारून गेला, "कुत्र्याचे फोटो काढाले पैसे देऊन राहिले काय हे?" मुलीनेच उत्तर दिलं, "हो काका, आमच्या घरची हाय ना थे."

गल्लीतले कुत्रे जमायला लागले तशी चिंगी तिच्या पायामागे सरकली. थांबलो.

मग हौज कटोरा. कोरड्या तलावाच्या मधोमध आठकोनी बुरूज. वरचे मजले उतरवून दगड दुसरीकडे नेले असं सांगतात. इथे मोकळं होतं. दोघं तलावाच्या काठाने चालत गेले, चिंगी पुढे, मी लांबून ७०-२०० ची लांब पल्ल्याची लेन्स घेऊन. वाळलेल्या गवतात कुसळं फार आहेत. ती कानात किंवा पंज्याच्या बेचक्यात शिरली की आत सरकत जातात आणि जखम पिकते. परत निघताना दोघांनी खाली बसून चिंगीचा एकेक पंजा तपासला. तो म्हणाला, "पाय धर, मी कान पाह्यतो." दोन डोकी जवळ, मधे तपकिरी पंजा. आजचा सगळ्यात चांगला फोटो हाच, आणि त्यात बुरूज नाही.

२८ डिसेंबर

मामाचं वावर, वेचणी सुरू. मामी म्हणाली, पहिल्या वेचणीला सीतादही, म्हणजे वावरातली पूजा केली तेव्हा यायला पाहिजे होतं. खरं आहे, पण तेव्हा काम ठरायचं होतं.

आज फक्त बंड्या. काळी माती, काळा कुत्रा, पांढरा कापूस: उजेडाच्या दृष्टीने याहून अवघड मेळ नाही. कॅमेऱ्याचं मोजमाप काळ्या रंगाला राखाडी करू बघतं, म्हणून चौकट बंड्याने भरली की उजेड एक पायरी खाली. चौकटीत कापूस जास्त असला की तेच मोजमाप उलट चुकतं, मग वर. स्वयंचलित सोडून हाताने लावलं आणि प्रत्येक जागा बदलली की कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख बघितला. सूर्य मागून घेतला. पावणेसहाच्या सुमारास तो मावळतो, त्याच्या आधीचा तास. मागून उजेड आला की बंड्याच्या पाठीच्या केसांना कड येते आणि तो मातीतून सुटा होतो. डोळ्यांत चमक हवी म्हणून त्याचं तोंड मोकळ्या आकाशाकडे.

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर फवारणी कधी झाली ते आधीच विचारून घेतलं होतं. बरेच दिवस झाले होते. फवारलेल्या वावरात कुत्रा सोडू नये, तो पंजे चाटतो.

४ जानेवारी

सापनचं पात्र. आज दोघांची भेट, आणि या सगळ्या कामातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा दिवस.

दोघांपैकी एकाच्याही घरी भेट घडवायची नाही हे आधीच ठरलं होतं. बगीच्यात बंड्या राखणदार आहे. तिथे आलेली कुत्री त्याच्या हिशेबी घुसखोर. नदीचं पात्र कोणाचंच नाही. वाळू कोरडी, पाणी एका कडेला, लांबवर फक्त धोब्याचा दगड.

मुलगी चिंगीला घेऊन डाव्या काठाने, मुलगा बंड्याला घेऊन उजव्या काठाने. दोघं एकाच दिशेने चालत राहिले, समोरासमोर येऊ दिलं नाही. दोरी सैल ठेवायची, कारण माणसाने दोरी ताणली की कुत्र्याला वाटतं, काहीतरी वाईट घडणार. बंड्याला दोरीची सवय नव्हती, म्हणून पंधरा दिवस मुलगा त्याला रोज संध्याकाळी धुऱ्यावरून दोरीने फिरवत होता. ही तयारी कोणत्याही फोटोत दिसणार नाही, पण तिच्यावाचून आज काही झालंच नसतं.

पहिल्या वळणापर्यंत बंड्याची शेपटी ताठ, वर, टोकाला बारीक कंप. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, असं सगळे समजतात. ताठ अंगाने हलणारी शेपटी वेगळं सांगते. चिंगी मान खाली घालून वाळू हुंगत चालली होती. दुसऱ्या वळणानंतर बंड्याही हुंगायला लागला. मग अंतर कमी केलं. मग आणखी कमी. मग चिंगी थांबून बसली, आणि बंड्याने तोंडासमोरून न येता अर्धा वळसा घालून तिला मागून हुंगलं. हे त्यांचं रीतसर नमस्कार-चमत्कार. तीन-चार क्षण. मी हलक्या आवाजात 'चला' म्हणालो आणि दोघांनी चालणं पुन्हा सुरू केलं. पहिली भेट लांबवायची नसते.

फोटो सगळे लांबून, १/१००० सेकंदाच्या शटरवर. एकात मुलगा-मुलगी एकमेकांकडे बघताहेत, मधे वाळूवर दोन कुत्र्यांच्या लांब सावल्या. दोघांच्या चेहऱ्यावर जी काळजी आणि जो आनंद आहे, तो 'इकडे बघा, हसा' म्हणून आणता येत नाही. मुलगी नंतर रडली. बोलली काही नाही, चिंगीचा पट्टा सरळ करत बसली. तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवला होता.

११ जानेवारी

पुन्हा पात्रात. आज दोऱ्या सोडल्या. निळ्या दोरीचा गोळा खेळायला आणला होता. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल आणि हिरवा जवळपास सारखेच, म्हणून गवतात लाल चेंडू टाकण्यात अर्थ नाही. गोळ्याकडे बंड्याने ढुंकूनही पाहिलं नाही. चिंगी घेऊन पळाली, आणि चिंगीमागे बंड्या पळाला.

१८ जानेवारी

बगीच्यात रात्र. मुलाला जागलीचा फोटो हवाच होता. त्याच्या आयुष्यातल्या किती हिवाळ्यांच्या रात्री बंड्यासोबत बाजेवर गेल्यात. मुलीनेही यावं असं ठरलं, पण लग्नाआधी रात्री बगीच्यात म्हटल्यावर गाव बोलणार. म्हणून तिचा भाऊ आला, मुलाची आत्या आली, डबे आले, शेकोटी झाली. मला हे पथ्यावरच पडलं. एकटं जोडपं बसवलं असतं तर नाटकी झालं असतं. इथे आत्याबाई वांगी भाजत होत्या, भाऊ मोबाईलवर क्रिकेट बघत होता, आणि त्यातच दोघं एका घोंगड्यात.

उजेड फक्त शेकोटीचा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता वर नेली, फोटोत दाणे येऊ दिले. बॅटरीचा झोत कुत्र्यांवर टाकू नका म्हणून सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांमागे उजेड परतवणारा पडदा असतो, झोत पडला की फोटोत हिरवे दिवे उरतात.

अकरानंतर बंड्या झोपला होता. चिंगी आधी उठली. गुरगुरली, मग एकदम चिरका आवाज काढून मृगाच्या तुकड्याकडे धावली, आणि मग बंड्या जागा होऊन तिच्या पुढे गेला. धुऱ्याकडे रानडुकरांचा कळप होता. मशीन बंद असल्यामुळे ती आत शिरली असती. हाकारे घातले, ती वळली. दोन्ही कुत्री सुखरूप परत आली. अंधारात धावतानाचा एकही फोटो नीट नाही, त्याचं वाईट वाटलं नाही. परत आलेल्या चिंगीच्या पाठीवरून मुलगा हात फिरवतोय तो आहे.

आत्याबाई म्हणाल्या, "बंड्याले आता कमी आयकू येते. हे पोट्टी बरी हाय."

८ फेब्रुवारी

बगीचा, सकाळ. फुलोरा आलाय. वास इतका दाट की मुलगी धुऱ्यावर नुसती उभी राहिली. पलीकडे मृगाची फळं पिवळी. सुरुवात तुकड्याच्या कडेने केली, झाडांच्या रांगेत उजेड तिरपा येत होता.

मुलाच्या आई आज पहिल्यांदा आल्या, कामासाठीच, फळं बघायला. मी त्यांना फोटोत बोलावलं नाही. त्या मोटरपंपाच्या ओट्यावर बसल्या आणि डबा उघडला. झाकण वाजलं. बंड्या रोजच्यासारखा गेला, चिंगी त्याच्यामागे गेली आणि दोन हात अंतर ठेवून बसली. त्यांनी बंड्याला भाकर टाकली. मग थोडं थांबून दुसरा तुकडा मोडला.

हा फोटो मी काढला. ८५ मि.मी., झाडाआडून. जोडपं त्यात मागे, धूसर आहे.

नंतर दुपारी त्या मुलीला म्हणाल्या, "घरात नाही आननार. ओसरीत राहीन, आन् रात्री बगीच्यात, बंड्यासंग." मुलगी म्हणाली, "बरं आई." बिबट्याची भीती असल्याने रात्री दोघांना उघड्यावर बांधायचं नाही, खोलीचं दार उघडं ठेवायचं, हे मुलाने लगेच सांगून टाकलं.

१५ फेब्रुवारी

निवड. दुल्हा दरवाजाचे बरेच फोटो गाळले. देखणे आहेत, पण त्यांत चिंगी अवघडलेली दिसते. ज्या फोटोत कुत्रा जांभई देतोय, ओठ चाटतोय, ते सगळे बाहेर, मग मुलगी कितीही छान दिसत असो. यावर मुलाचा आणि माझा थोडा वाद झाला. शेवटी एक त्याने ठेवून घेतला, अल्बमबाहेर, स्वतःसाठी. चालेल.

रंगात बंड्याच्या काळ्याला निळसर झाक येत होती, ती काढली. उन्हात त्याच्या अंगावर तांबूस छटा असते, ती ठेवली. धूळ, गोखरू, मातीचे डाग काही पुसलं नाही.

१ मार्च

अल्बम दिला. उघडल्यावर पहिलं पान सापनच्या पात्राचं, शेवटचं हौज कटोऱ्याजवळ पंजा तपासतानाचं. भिंतीसाठी मोठा फोटो कोणता, यावर दोन्ही घरांत वेगळी मतं. परतवाड्याला फुलोऱ्यातला लागणार आहे. मुलाच्या आईंनी शेकोटीचा मागितला, कारण त्यात आत्याबाई आहेत.

डब्याचा फोटो त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, तो लहान करून दे, मोटरपंपाच्या खोलीत लावते. तिथे ओल असते, म्हणून प्लॅस्टिकचं आवरण चढवून द्यायचं आहे. सोमवारी अमरावतीला छपाईला जाईल.

चिंगीला आत्तापासून आठवड्यातून दोनदा बगीच्यावर नेणं सुरू आहे. मशीन चालू होण्याआधी तारेची ओळख मुलगा करून देतोय, तारेला चिंध्या बांधून. लग्नाच्या दिवशी दोन्ही कुत्रे बगीच्यात आत्याबाईंच्या भावाकडे राहतील. मांडवात ढोल आणि फटाके असतील, तिथे त्यांचा फोटो मी घेणार नाही, हे दोन्ही घरांना सांगून झालंय.